जाळता न येणारी कागदपत्रं



ज्यांच्या स्मृतीला हे व्याख्यान वाहिलेलं आहे, त्या ग्रंथपालांचा एक विशेष इथले जुने वाचक अजून सांगतात. कोणी कोणतं पुस्तक नेलंय, हे ते तिसऱ्याला कधी सांगत नसत. मुलगा काय वाचतो हे विचारायला आलेल्या बापालाही नाही. जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात अशा गावात ही शिस्त पाळणं सोपं नव्हतं. त्यामुळं आजचा विषय ठरवायला मला फार विचार करावा लागला नाही. आपल्याविषयीची माहिती कोण गोळा करतं, ती कुठं जाते आणि तिच्यापायी माणसाचं काय होऊ शकतं, याबद्दल मला बोलायचं आहे.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्जखात्यात गेली. लोकांचे सातबारे, पगारपत्रकं, फोटो आणि अंगठे माझ्या टेबलावरून गेले. मी संगणकतज्ज्ञ नाही. या प्रश्नाकडे मी कर्जाच्या कागदांच्या बाजूनं पाहतो आणि सुरुवातही तिथूनच करतो.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे. बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतून आलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पोचलं. पाठ्यपुस्तकात आपण हे ‘दख्खनचे दंगे’ म्हणून वाचलेलं असतं. पण त्या लोकांना काय हवं होतं ते पाहा. त्यांना कर्जरोखे हवे होते. ज्या सावकारानं दप्तर बाहेर काढून दिलं, त्याच्या अंगाला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. ज्यानं दिलं नाही, तिथं मारहाण आणि जाळपोळ झाली. चौकाचौकांत रोख्यांची होळी झाली. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. त्या हिंसेचं समर्थन मी करणार नाही. पण अक्षरओळख नसलेल्या त्या माणसाला एक गोष्ट पक्की कळली होती. आपला कागद ज्याच्या पेटीत आहे, आपलं शेत आणि आपलं घर त्याच्या मुठीत आहे. आणि तो कागद एकुलता एक होता. जळला की संपला.

त्यानंतर १४५ वर्षांनी, २०२० च्या टाळेबंदीत रोजगार गेलेली माणसं मोबाइलवर झटपट कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळली. रक्कम पाच-दहा हजारांची, मुदत कधी सात दिवसांची, कधी पंधरा. ॲप उतरवून घेताना ते परवानग्या मागायचं: तुमच्या फोनमधली नावं-नंबरांची यादी, फोटो, तुम्ही कुठं आहात ते ठिकाण. ज्याच्या घरी संध्याकाळच्या जेवणाची चिंता आहे, तो माणूस ‘अलाउ’ दाबतो. हप्ता चुकला की त्या यादीतल्या सगळ्यांना फोन जायचे. सासऱ्याला, मुलीच्या शिक्षिकेला, कारखान्यातल्या सुपरवायझरला. कर्जदाराचा फोटो अश्लील चित्रावर चिकटवून व्हॉट्सॲपवर पाठवला जायचा. देशाच्या वेगवेगळ्या राज्यांत यापायी माणसांनी आत्महत्या केल्या.

रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०२१ मध्ये या प्रकाराचा अभ्यास करायला गट नेमला. १ जानेवारी ते २८ फेब्रुवारी २०२१ या दोन महिन्यांत ॲपच्या बाजारपेठांत कर्ज देणारी सुमारे ११०० ॲप या गटाला सापडली. त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती. सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलं की कर्जाच्या ॲपनं फोनमधल्या फाइली, फोटो, संपर्कांची यादी आणि कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही.

कर्जखात्यातला माणूस म्हणून मी एवढं सांगू शकतो की, कर्ज फेडायची कुवत ठरवायला पगारपत्रक लागतं, खातेउतारा लागतो, जुन्या कर्जांचा तपशील लागतो. मावशीचा नंबर लागत नाही. मग ती यादी कशासाठी घेतली जायची? ती यादी तारण होती. पूर्वी शेत तारण असायचं, दागिना असायचा. इथं माणसाची अब्रू तारण ठेवून घेतली गेली. तेही त्याला न सांगता. शिवाय त्या मावशीला कुणी विचारलंच नव्हतं. भाचा दुसऱ्या शहरात कुठलंसं बटण दाबतो आणि हिचं नाव, नंबर, नातं तिसऱ्याच्या हातात जातं. आपण ‘माझी माहिती, मी देईन’ असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आपण दुसऱ्यांचीही माहिती देत असतो. या कर्जदारांना सुप्याच्या शेतकऱ्यासारखी होळी करता येत नव्हती. त्यांची यादी किती ठिकाणी उतरवली गेली, कुणाला विकली गेली, हे त्यांना कधीच कळणार नव्हतं.

आता अंगठ्याकडे वळू. बोटांच्या ठशांचा सरकारी वापर आपल्याच देशात सुरू झाला. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरचा अधिकारी विल्यम हर्शेल यानं रस्त्याच्या खडीच्या करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. पुढं १८७७ मध्ये हुगळीला तो दस्तनोंदणीत आणि निवृत्तिवेतन देताना ठसे घेऊ लागला. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उघडलं. ठशांची वर्गवारी करण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता.

या पद्धतीनं पुढं काय झालं, ते महाराष्ट्रात तरी शिकवावं लागू नये. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ मध्ये नव्यानं झाला आणि मुंबई इलाख्यासह देशभर लागू करता येऊ लागला. त्या कायद्यात नोंदवलेल्या जमातींतल्या माणसांच्या बोटांचे ठसे घेण्याची तरतूद होती. गुन्हा केला म्हणून ठसे घेतले जात नव्हते. विशिष्ट जमातीत जन्म झाला म्हणून घेतले जात होते. या जमातींसाठीची सोलापूरची सेटलमेंट तुम्हाला ठाऊक आहे. तारेच्या कुंपणाच्या आत वस्ती, हजेरी, बाहेर जायचं तर पास. हजेरी चुकली तर तोच गुन्हा. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण पोलीस ठाण्यांतली दप्तरं आणि ती वाचून तयार झालेली नजर त्या दिवशी रद्द झाली नाही. रद्द झालेल्या कायद्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी घेतली. चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जायचं, ही सवय स्वातंत्र्यानंतरच्या कित्येक पिढ्यांनी भोगली आहे. लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं, म्हणजे कायदा रद्द होऊन पस्तीस वर्षं झाल्यावर. ते वाचल्यावर ही नजर किती काळ टिकते याबद्दल शंका उरत नाही.

हे मी अशासाठी सांगतो की, ‘माहिती चुकीच्या हातात गेली तर’ अशी आपण भीती बाळगतो, तेव्हा आपल्या मनात चोर असतो. सेटलमेंटमध्ये माहिती चोरीला गेली नव्हती. ती योग्य कार्यालयात, योग्य कपाटात, नियमानुसार ठेवलेली होती. तरी तिनं माणसांची आयुष्यं बांधून ठेवली.

याहून भयंकर उदाहरण नेदरलंड्सचं आहे. त्या देशानं १९३० च्या दशकात नागरिकांची फार सुबक नोंदवही तयार केली होती. प्रत्येकाचं कार्ड, त्यावर नाव, पत्ता, जन्म, आणि धर्मसुद्धा. हे काम करणाऱ्यांच्या मनात कुणाचा जीव घेण्याचा विचार नव्हता. कारभार नीट चालावा, एवढाच हेतू होता. १९४० मध्ये जर्मन सैन्य आलं. १९४१ मध्ये ज्यूंवर वेगळ्या नोंदणीची सक्ती झाली, आणि खातरजमा करायला आधीची नोंदवही हजर होती. त्या देशात सुमारे १ लाख ४० हजार ज्यू होते. त्यांतले १ लाखाहून अधिक मारले गेले. फ्रान्समध्ये हे प्रमाण साधारण चारांत एक होतं, इथं चारांत तीन. याची कारणं अनेक आहेत, पण ती कार्डं हे त्यांतलं एक होतं, यावर इतिहासकार बोट ठेवतात.

२७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार आणि लेखक विलेम आरोंडेयस, शिल्पकार खेरिट फान डेर फेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गणवेशात ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन त्यांनी बाहेर अंगणात आणून ठेवलं. कुणाचा जीव घेतला नाही. मग कार्डांचे ढीग करून पेटवून दिले. अग्निशमन दलातल्या माणसांनी मुद्दाम उशीर केला आणि आल्यावर गरजेहून जास्त पाणी मारलं, म्हणजे आगीतून वाचलेली कार्डं भिजून निकामी होतील. एवढं करून सुमारे आठ लाख कार्डांपैकी पंधरा टक्केच नष्ट झाली. १ जुलै १९४३ ला आरोंडेयससह बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. कलावंतांना जीव देऊन कार्डं जाळावी लागली, कारण काही वर्षांपूर्वी सज्जन कारकुनांनी गरज नसलेला एक रकाना भरून ठेवला होता.

हे परदेशातलं झालं म्हणून आपण निश्चिंत राहू नये. १९८४ मध्ये दिल्लीतल्या शीखविरोधी हिंसाचारात शिखांची घरं शोधायला मतदारयाद्या आणि रेशन दुकानांच्या याद्या वापरल्या गेल्या, हे नागरिकांच्या चौकशी अहवालांनी नोंदवलं आहे. एक यादी मतदानासाठी केलेली, दुसरी गहू-साखरेसाठी.

म्हणून ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. रेशनकार्डावर नाव घालणाऱ्या दिल्लीतल्या त्या शीख कुटुंबांकडे लपवण्यासारखं काहीच नव्हतं. माहिती देताना आपण समोरच्या माणसाकडे पाहतो: बँक चांगली, शाळा चांगली, डॉक्टर ओळखीचे. पण माहिती त्या माणसापाशी राहत नाही, आणि तो माणूस त्या खुर्चीत राहत नाही. आज गोळा करणाऱ्याचा हेतू आणि उद्या वापरणाऱ्याचा हेतू यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. देताना विचार करायचा तो इतकाच: ही माहिती सगळ्यांत वाईट हाती पडली, तर माझं काय होईल? उत्तर सोसवणारं नसेल, तर ती द्यायची नाही. द्यावीच लागली, तर कमीत कमी द्यायची.

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. ज्याच्याकडे कसलाच दाखला नाही, त्याला ओळख मिळावी, हा हेतू मी मनापासून मानतो. दाखल्याअभावी खातं न उघडता परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत. पण पुढं काय झालं? अंगठा लावून बँकेतले पैसे काढायची सोय झाली. खेड्यातल्या म्हातारीला शहरात जावं लागेना, हे चांगलंच. मग २०२३ मध्ये कर्नाटक आणि पश्चिम बंगालमध्ये लोकांच्या खात्यातून परस्पर पैसे जाऊ लागले. तपासात दिसलं की जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे नोंदणी खात्याच्या संकेतस्थळांवरून उतरवून, त्यांचे रबरी साचे बनवले गेले होते. दस्तावरचा अंगठा पुरावा म्हणून घेतला होता. तो आता खात्याची किल्ली झाला होता. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही.

‘डिजिटल अटक’ नावाच्या फसवणुकीतही हेच दिसतं. फोनवरचा माणूस आधी तुमचं पूर्ण नाव, पत्ता, आधारचे आकडे सांगतो, आणि त्या तपशिलामुळंच तो पोलीस आहे असं समोरच्याला वाटू लागतं. केंद्रीय गृहखात्यानं संसदेत दिलेल्या आकडेवारीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत नागरिकांचे २२ हजार कोटींहून अधिक रुपये गेले. फसलेल्यांत निवृत्त प्राध्यापक आहेत, डॉक्टर आहेत. त्यांना भोळं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

खासगीपणा ही सुखवस्तू लोकांची चैन आहे, गरिबाला त्याचं काय, असं अजून म्हटलं जातं. पुण्यानं १८९७ मध्ये याचं उत्तर दिलेलं आहे. प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर स्वयंपाकघरात आणि देवघरात शिरले, तेव्हा जो संताप उसळला तो चैनीपायी नव्हता. सरकारी बाजूनं सर्वोच्च न्यायालयातही सांगितलं गेलं होतं की खासगीपणाचा मूलभूत हक्क राज्यघटनेत नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली होती. तिच्यातून हा प्रश्न नऊ न्यायाधीशांसमोर गेला. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊही जणांनी एकमतानं सांगितलं की हा हक्क मूलभूत आहे. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ ला, आधार योजना बहुमतानं वैध ठरली, पण खासगी कंपन्यांना आधारचा वापर करू देणारी तरतूद न्यायालयानं रद्द केली.

व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचा मसुदा करायला न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांची समिती नेमली गेली. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणारे तेच. त्यांचा अहवाल २०१८ चा. कायदा झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये. आणि नागरिकाला उपयोगी पडणाऱ्या मुख्य तरतुदी लागू होणार अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये. या काळात किती माहिती गोळा होऊन गेली असेल, याचा विचार करा.

कायद्यात चांगलं आहे ते सांगतो. माहिती कशासाठी हवी हे स्पष्ट सांगावं लागेल, आणि ते आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायला मिळण्याचा पर्याय द्यावा लागेल. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागं घेणं सोपं असलं पाहिजे. काम संपल्यावर माहिती पुसायची. कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. पण तो दंड देशाच्या संचित निधीत जमा होईल. ज्याची अब्रू गेली, पैसे गेले, त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. सरकार स्वतःच्या यंत्रणांना सूट देऊ शकतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे याच कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला. पूर्वी खासगी माहितीही व्यापक जनहितासाठी द्यावी लागे, आणि जी माहिती संसदेला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येत नसे. आता ‘व्यक्तिगत माहिती’ एवढं म्हटलं की पुरे. कलम ८(२) मधली जनहिताची वाट उरली आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मनावर. केंद्राच्या आधी स्वतःचा माहिती अधिकार कायदा करणाऱ्या महाराष्ट्रानं यावर गप्प बसू नये. खासगीपणा दुर्बळ माणसाच्या संरक्षणासाठी मागितला होता, ठेकेदारांच्या बिलांच्या नाही.

कायदा पूर्ण लागू होईपर्यंत आपण काय करायचं? आधारची प्रत मागितली तर आधी विचारा, दुसरं ओळखपत्र चालेल का. आधारच लागत असेल तर शेवटचे चारच आकडे दिसतील अशी प्रत संकेतस्थळावरून घेता येते, तीच द्या. झेरॉक्सवर कामाचं नाव आणि तारीख लिहून मग सही करा. बोटांचे आणि डोळ्यांचे ठसे आधारच्या अधिकृत ॲपवरून कुलूपबंद करून ठेवता येतात, आणि घरातल्या ज्येष्ठांसाठी हे आज रात्रीच करा. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या ॲपला संपर्क, माइक, ठिकाण दिलंय ते बघा आणि गरज नसेल ते काढून घ्या. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते ‘संचार साथी’वर दिसतं. पैसे गेले तर १९३० वर फोन लगेच करायचा. लाजेनं घालवलेला प्रत्येक तास चोराच्या फायद्याचा असतो. लहान मुलांचे गणवेशातले, शाळेचं नाव दिसणारे फोटो टाकू नका. मूल मोठं झाल्यावर त्याला ते पुसता येणार नाहीत.

शेवटी आपल्या दारातली गोष्ट. तुमच्यातले पुष्कळजण अशा सोसायट्यांत राहतात जिथं फाटकावर ॲप आहे. पाहुण्याचा फोटो, नंबर, वेळ सगळं नोंदलं जातं. घरकामाला येणाऱ्या बाईंचा फोटो, ओळखपत्र, रोजची येण्या-जाण्याची वेळ, कुठल्या कुठल्या घरी जातात, आणि काही ठिकाणी त्यांना दिलेले गुणही. या नोंदी कुठल्या कंपनीकडे आहेत आणि किती वर्षं राहणार आहेत, हे त्या बाईंना कुणी सांगितलेलं नाही. त्यांची संमतीही कुणी घेतलेली नाही, कारण नाही म्हटलं तर काम जाईल. सोलापूरच्या हजेरीविषयी ऐकताना आपल्याला जे वाटलं, ते इथंही वाटलं पाहिजे. इथं माहिती गोळा करणारे आपण आहोत, त्यामुळं सरकारची किंवा न्यायालयाची वाट पाहण्याचं कारण नाही. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. त्या सभेत तुम्ही ठराव मांडा: फाटकावर नाव आणि वेळ यांपलीकडे काही नोंदायचं नाही, महिन्याभरानं ते पुसायचं, कामगारांना गुण देणं बंद करायचं, आणि आजवर साठलेल्या नोंदी पुसल्याचं कंपनीकडून लेखी घ्यायचं. अनुमोदनाला एक माणूस लागतो. तो आजच, या सभागृहातच शोधा.